विश्लेषण : वाळक्या पानाचे सोंग घेणाऱ्या फुलपाखराला खरी वाळकी पाने उरतील का?

तो व्हिडीओ तुमच्याही मोबाइलवर कधी ना कधी आला असेल. फांदीवर एक वाळके पान. मधली शीर स्पष्ट, खाली देठ, कडेला बुरशीसारखे डाग. कोणीतरी काडीने हळूच डिवचतो आणि पान उघडते. आतून गडद निळा रंग, त्यावर नारिंगी पट्टा. खाली मजकूर ठरलेला : 'देवाची करणी', 'निसर्गाचा चमत्कार', आणि हात जोडलेल्या चार-पाच इमोजी.

करणी कोणाचीही असो, या व्हिडीओत एक गोष्ट कधीच दिसत नाही. त्या फुलपाखराच्या आजूबाजूला काय आहे, हे. कॅमेरा पंखांवर असतो, जंगल चौकटीच्या बाहेर. आपले वनधोरणही याच कॅमेऱ्यासारखे झाले आहे, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी हे फुलपाखरू समजून घ्यावे लागेल.

कोणते हे फुलपाखरू?

शास्त्रीय नाव 'कॅलिमा'. हे एका जातीचे नव्हे, तर एका प्रजातीचे म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींच्या गटाचे नाव. भारत, श्रीलंकेपासून आग्नेय आशिया, दक्षिण चीन, तैवान आणि जपानच्या ओकिनावा बेटांपर्यंत या गटाची वस्ती आहे. पंख पसरले तर साधारण नऊ-दहा सेंटीमीटर, म्हणजे चांगले तळहाताएवढे फुलपाखरू. हिमालयाच्या पायथ्याशी आणि ईशान्य भारतात 'ऑरेंज ओकलीफ' दिसते. व्हिडीओत बहुतेक वेळा असते ते हेच. अंदमानात वेगळी जात आहे. आणि आपल्या सह्याद्रीत 'ब्लू ओकलीफ' आहे. निळ्या पंखांवर फिकट निळसर-पांढरा तिरपा पट्टा असलेली ही जात पश्चिम घाट सोडून जगात कुठेही सापडत नाही. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापासून आंबोली, गोवा आणि पुढे दक्षिणेपर्यंत ती आहे. बोरिवलीच्या लोकलमध्ये बसलेल्या माणसापासून ती फार तर काही किलोमीटरवर असते.

नावाचा मात्र घोळ आहे. 'ओकलीफ' म्हणजे ओकच्या झाडाचे पान. सह्याद्रीत ओक हे आडनाव आहे, झाड नाही. इंग्रज निसर्ग-अभ्यासकांनी आपल्या घरच्या पानाशी साम्य पाहिले आणि नाव ठेवून दिले. या फुलपाखराचे खरे नाते ज्या झुडपाशी आहे, त्याचे नाव कोकणात आणि घाटावर पोराटोरांनाही माहीत असते. त्याकडे पुढे येतोच.

हे सोंग चालते तरी कसे?

फुलपाखराच्या पंखांना दोन बाजू असतात. कॅलिमाची वरची बाजू भडक, खालची बाजू वाळक्या पानाची. उडताना निळा-नारिंगी रंग लखलखतो आणि पक्षी त्या रंगाचा पाठलाग करतो. फुलपाखरू झुडपात शिरते, बसताक्षणी पंख मिटते आणि रंग गायब होतो. पक्षी शोधत असतो निळे काहीतरी. समोर असते तपकिरी पान. दोन वेगवेगळ्या युक्त्या इथे एकत्र येतात, आधी भुलवणे आणि मग लपणे.

तपशील तर थक्क करणारा. पुढच्या पंखाच्या टोकापासून मागच्या पंखाच्या शेपटीपर्यंत एक गडद रेघ जाते. दोन वेगळ्या पंखांवरची ही रेघ पंख मिटल्यावर अचूक जुळते आणि पानाची मधली शीर तयार होते. तिच्यातून फुटणाऱ्या उपशिरा आहेत. मागच्या पंखाची छोटी शेपटी म्हणजे देठ. पुढच्या पंखावर एक अर्धपारदर्शक ठिपका असतो, तो किड्याने पाडलेल्या भोकासारखा दिसतो. शिवाय एकाच जातीतली दोन फुलपाखरेही सारखी नसतात. कोणी पिवळट, कोणी राखाडी, कोणी लालसर, कोणी बुरशी आलेले. पावसाळी आणि कोरड्या ऋतूतल्या पिढ्यांच्या छटाही वेगळ्या.

ही विविधता हौसेची नाही. सगळी फुलपाखरे एकाच नमुन्याची असती तर पक्ष्यांनी तो नमुना कधीच पाठ केला असता. अमेरिकेत ब्लू जे पक्ष्यांना संगणकाच्या पडद्यावर कृत्रिम पतंग टिपायला लावून हे तपासले गेले आहे. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पक्षी जो नमुना नेहमीचा झाला त्याला सहज टिपू लागले आणि वेगळे दिसणारे पतंग तगले. जंगलातली पाने एकसारखी नसतात, म्हणून त्यांची नक्कल करणाऱ्यालाही एकसारखे राहून चालत नाही.

एका फटक्यात की हळूहळू?

दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग 2023 मध्ये वगळला गेला, त्यामुळे हा मुद्दा इथे थोडा सविस्तर सांगतो. कॅलिमा हे त्या धड्याचे उत्तम उदाहरण ठरले असते.

डार्विनसोबतच नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी सुमात्रा बेटावर हे फुलपाखरू पाहिले. 1869 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मलाय द्वीपसमूहावरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्याचे वर्णन केले. ते नजरेसमोर झुडपात शिरते आणि तिथे जाऊन पाहावे तर काहीच नसते, हा अनुभव त्यांना पुन्हा पुन्हा आला. नैसर्गिक निवडीचा याहून ठसठशीत पुरावा कोणता, असा त्यांचा सूर होता.

विरोधकांचा प्रश्नही साधा नव्हता. सेंट जॉर्ज मायव्हर्ट यांनी 1871 मध्ये विचारले, की शंभर टक्के पानासारखे दिसण्याचा फायदा समजला, पण सुरुवातीला पाच टक्केच साम्य असेल तर त्याचा काय उपयोग? पुढे विसाव्या शतकात रिचर्ड गोल्डश्मिट या जनुकशास्त्रज्ञाने तर असे रूप एका मोठ्या उडीतच आले असणार, अशी बाजू घेतली. 'देवाची करणी' म्हणणाऱ्या आजच्या फॉरवर्डमध्येही नकळत हाच तर्क असतो : इतके नेमके काही हळूहळू कसे घडेल?

उत्तर आता बऱ्यापैकी हाती आहे. 2014 मध्ये जपानी संशोधकांनी कॅलिमा आणि तिच्या नात्यातल्या, पानासारख्या न दिसणाऱ्या फुलपाखरांच्या पंखांची तुलना केली. पानाच्या शिरा नव्याने उगवलेल्या नाहीत, असे त्यातून दिसले. सामान्य फुलपाखरांच्या पंखांवर जे पट्टे आणि ठिपके असतात, तेच एकेक करून सरकत, सरळ होत, जोडले जात शिरा झाले. पायरी-पायरीने. मग 2022 मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांच्या चमूने ऑरेंज ओकलीफच्या जनुकांचा अभ्यास केला. पानाचे वेगवेगळे नमुने ठरवणारा भाग त्यांना 'कॉर्टेक्स' या जनुकाच्या परिसरात सापडला. इंग्लंडमध्ये गिरण्यांच्या काजळीच्या काळात काळे पडलेले पतंग आपण शाळेत शिकलो. त्यांचा काळा रंगही जनुकसंचाच्या याच भागातून येतो. पूर्व हिमालय हे कॅलिमाच्या विविधतेचे माहेर असल्याचेही त्या अभ्यासात दिसले.

मायव्हर्टच्या पाच टक्क्यांचे काय? संध्याकाळचा अंधूक उजेड, दूरवरून पाहणारा पक्षी, मध्ये चार फांद्या. अशा वेळी पाच टक्के साम्यही जीव वाचवते. पक्ष्याची नजर जवळ येत गेली, तसे साम्य वाढत गेले. म्हणजे कॅलिमाचा पंख हा लाखो वर्षे पक्ष्यांनी तपासलेला पेपर आहे. आणि तो पेपर लिहिला गेला एका विशिष्ट फळ्यासमोर. त्या जंगलातली झुडपे आणि त्याच जंगलातला पाचोळा, हाच तो फळा.

कारवीशिवाय कॅलिमा नाही

आता त्या झुडपाकडे येऊ. ब्लू ओकलीफच्या अळीचे सह्याद्रीतले मुख्य खाद्य म्हणजे कारवी आणि तिच्या कुळातली भावंडे. हीच कारवी आठ वर्षांनी (लोक सात म्हणतात) एकदा डोंगर जांभळे करून टाकते. बोरिवलीच्या जंगलात ती 2016 मध्ये फुलली होती आणि पुढचा बहर 2024 चा. एकदा फुलली, बी धरले, की ती मरते. बोंडे पुढच्या पावसाच्या तोंडावर तडतड फुटतात आणि नवी रोपे येतात. कोकणातल्या कुडाच्या घरांच्या भिंती याच कारवीच्या काठ्यांच्या. शेणामातीने लिंपल्या की पिढी काढत.

कुठली अळी कुठल्या झाडावर, ही माहिती आपोआप मिळालेली नाही. 1890 च्या दशकात डेव्हिडसन, बेल आणि एटकेन या तीन ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कारवारच्या परिसरात शेकडो अळ्या घरात पाळून अशा नोंदी केल्या आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापल्या. एक जिल्हाधिकारी, एक वन खात्यातला, एक मीठ आणि जकात खात्यातला. फावल्या वेळातले काम होते ते. आज फुलपाखरांचे फोटो काढणारे हजारो आहेत. अळी पाळून पाहणारे किती, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

गंमत म्हणजे हजारो किलोमीटर दूर ओकिनावातही कॅलिमाची अळी कारवीच्याच कुळातल्या झुडपांवर वाढते. तिथल्या प्रांताने या फुलपाखराला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. म्हणजे हा संबंध योगायोगाचा नाही. कॅलिमाला मोठ्या झाडांची सावली लागते, त्याखाली दाट झुडपे लागतात आणि त्याखाली जमिनीवर पाचोळा लागतो.

एक गोष्ट मात्र तिला लागत नाही : फुले. कॅलिमा फुलांवर क्वचितच बसते. तिचे अन्न म्हणजे सडकी फळे आणि झाडाच्या जखमेतून पाझरणारा रस. त्यामुळे महापालिका हौसेने उभारतात त्या फुलपाखरू उद्यानांचा तिला काडीचा उपयोग नाही. महाराष्ट्राने 2015 मध्ये देशात पहिल्यांदा राज्य फुलपाखरू जाहीर केले, ते राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉर्मन. तिची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते, त्यामुळे ती बागेतही येते, सोसायटीच्या आवारातही दिसते. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यातून एक समज पक्का झाला, की रंगीत फुलांचे वाफे केले की फुलपाखरे वाचली. कॅलिमाला बाल्कनीतल्या कुंडीत वाचवता येत नाही.

मग वनक्षेत्र वाढले म्हणजे काय वाढले?

इथे खरा पेच आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी देशातल्या जंगलाचा अहवाल काढते. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या अहवालानुसार देशाचे वनाच्छादन 7,15,343 चौरस किलोमीटर, म्हणजे भूभागाच्या 21.76 टक्के आहे. झाडोरा धरून 25.17 टक्के. बातम्या झाल्या, आकडे वाढल्याचे समाधान व्यक्त झाले.

या आकड्यात काय मोजतात? एक हेक्टर किंवा अधिक जमीन, जिच्यावर वृक्षछत्राची घनता 10 टक्के किंवा अधिक आहे. मालकी कोणाची, झाडे कोणती, जमिनीचा वापर कशासाठी, याचा विचार नाही. फळबागा, बांबू, ताड-माडही त्यात येतात. उपग्रह वरून पाहतो, त्याला झाडांचे शेंडे दिसतात. सिंधुदुर्गात डोंगरावरचे मिश्र जंगल तोडून रबर किंवा काजू लावला, तर काही वर्षांनी तो डोंगर पुन्हा हिरवा दिसतो. अहवालात तो पूर्ववत होतो. खाली कारवी नाही, पाचोळा एकाच जातीच्या पानांचा आणि तोही झाडून काढलेला. शंभर तऱ्हेच्या पानांची नक्कल करणारे फुलपाखरू तिथे कोणत्या पानात लपणार?

काजू लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याची जमीन आहे, त्याला पीक घ्यायचे आहे. दोष मोजपट्टीचा आहे. ज्या आकड्यात काजूची बाग आणि आंबोलीचे रान यांत फरकच दिसत नाही, त्याच्या भरवशावर जंगल वाढल्याचे जाहीर करणे हेच दिशाभूल करणारे आहे. सर्वेक्षण संस्था आपली व्याख्या अहवालात स्पष्ट लिहिते, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. व्याख्या गाळून फक्त टक्केवारी सांगतात ते मंत्री आणि, प्रांजळपणे सांगायचे तर, आम्ही वृत्तपत्रवाले.

वृक्षलागवडीचेही तेच. राज्यात तीन वर्षांत 50 कोटी झाडांचा संकल्प झाला, त्यात एकट्या 2019 सालचे उद्दिष्ट 33 कोटींचे होते. हिशेब सगळा झाडांचा. लागवडीसाठी जागा तयार करायची तर आधी 'झाडोरा साफ' होतो आणि त्या झाडोऱ्यात कारवी असते. झुडूप हे आपल्या सरकारी भाषेत साफ करायचीच गोष्ट आहे.

वणवा आणि राब

पाचोळ्याचा दुसरा शत्रू आग. फेब्रुवारी ते मे या काळात सह्याद्रीच्या उतारांवर वणव्यांच्या माळा दिसतात. त्यातले बहुतेक माणसाने लावलेले असतात. कोणी पुढच्या वर्षी गवत चांगले यावे म्हणून, कोणी शिकारीसाठी, कोणी विडीचे थोटूक टाकून. भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे, आणि आता उपग्रहावरून आगीची सूचना वन विभागाच्या मोबाइलवर येते. पण वणवा विझल्यावर पंचनामा होतो तो लाकडाचा. झाडे उभी असतील तर 'नुकसान नाही'. जळून गेलेला पाचोळा, झुडपांचा थर, त्यातले कोश आणि फुलपाखरे यांचा रकानाच नाही.

कॅलिमासाठी हा काळ विशेष वाईट. ऐन कोरड्या ऋतूत तिचे सोंग सर्वांत उपयोगी असते, कारण तेव्हा सगळीकडे खरी वाळकी पाने असतात. नेमके तेव्हाच डोंगर काळा होतो. काळ्या उतारावर तपकिरी पान लांबून दिसते.

यावर कोकणातून एक रास्त आक्षेप येईल : आम्ही पिढ्यानपिढ्या भाताच्या राबासाठी पाला-पाचोळा गोळा करतो, कारवी तोडतो, मग आता आम्हीच गुन्हेगार? मला तसे वाटत नाही. डोक्यावरून भारे वाहून नेण्याला आपोआप मर्यादा असते. घरासाठी कारवी तोडली जायची तीही बहुधा फुलून वाळलेली. राबाने जंगल संपले असते तर सह्याद्रीत ते केव्हाच संपले असते. जेसीबीने उतार खरवडून 'हिल व्ह्यू' प्लॉट पाडले की मात्र तिथे बी पडायलाही माती उरत नाही. या दोन्हींना एकाच तागडीत घालणे हा अन्याय होईल, आणि त्याने गावकरी संवर्धनाच्या विरोधात जातील ते वेगळेच.

मानाची जागा की राहायची जागा?

2020 मध्ये राष्ट्रीय फुलपाखरू निवडण्यासाठी देशभरातल्या अभ्यासकांनी ऑनलाइन मतदान घेतले. अंतिम सात उमेदवारांत ऑरेंज ओकलीफ होते आणि केंद्राकडे पाठवलेल्या तीन नावांतही ते होते. कॅलिमाला तो मान मिळाला तर आनंदच आहे. टपाल तिकीट निघेल, पाठ्यपुस्तकात चित्र येईल. पण आपल्याकडे मान देऊन मोकळे होण्याची पद्धत आहे, म्हणून काही मागण्या त्याआधीच मांडलेल्या बऱ्या.

पहिली, वन विभागाच्या कार्य आयोजनेत झुडपांच्या थराची वेगळी नोंद हवी. कारवी कुठे किती आहे, शेवटची कधी फुलली, कुठून नाहीशी झाली. हे काम अवघड नाही. वनरक्षक रोज त्याच वाटेने जातो आणि कारवी ओळखायला त्याला प्रशिक्षण लागत नाही. दुसरी, पर्यायी वनीकरणाच्या पैशातून होणाऱ्या लागवडीत फक्त झाडांची रोपे मोजणे थांबवावे. जिथे झुडपांचे रान उभे आहे ती जागा 'रिकामी' समजून खड्डे खणू नयेत. तिसरी, वणव्याच्या पंचनाम्यात जमिनीवरच्या थराचा रकाना घालावा. नुसता रकाना आला तरी कोणालातरी तो भरावा लागतो.

आणि पर्यटनस्थळांवर, जंगलातल्या विश्रामगृहांच्या आवारात, रोज सकाळी खराट्याने पाचोळा झाडून पेटवण्याची जी शिस्त आहे, ती बंद करायला कुठल्याही निधीची गरज नाही. शासनाच्या एका परिपत्रकाने ते होईल.

कारवीचा पुढचा मोठा बहर आठ वर्षांच्या हिशेबाने बोरिवलीत 2032 मध्ये यायला हवा. तोपर्यंत आज रुजलेली रोपे उतारांवर उभी राहायला हवीत आणि दर पावसाळ्यात त्यांच्या पानांवर अळ्या वाढायला हव्यात. त्या उतारांपैकी कोणते उतार आज कोणाच्या विकास आराखड्यात आहेत, हे तपासण्याचे काम मात्र 2032 ची वाट पाहणारे नाही.